बगळा निश्चल का आहे?

साहित्यशास्त्राच्या वर्गात व्यंजनेचा विषय निघाला की एक बगळा हटकून येतो. 'गाथासप्तशती'तली ती प्राकृत गाथा मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या दुसऱ्या उल्लासात उदाहरणादाखल घेतली, आणि तेव्हापासून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते आहे. गाथेतली बोलणारी स्त्री सांगते ते इतकेच, की कमळाच्या पानावर एक बलाका जराही न हलता बसली आहे, पाचूच्या तबकात ठेवलेल्या शंखशिंपीसारखी. मम्मट त्यातून तीन पायऱ्या उतरून दाखवतो. बलाका निश्चल आहे, अर्थी ती निर्धास्त आहे. निर्धास्त आहे, अर्थी इथे माणसांचा वावर नाही. वावर नाही, अर्थी दोघांनी भेटायला ही जागा चांगली. विद्यार्थी या तीन पायऱ्या पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात.

या तीन पायऱ्यांपैकी पहिली साहित्यशास्त्राची नाहीच, ती पक्षिनिरीक्षणाची आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. माणसाची चाहूल लागली की बगळा मान उंचावतो, दोन पावले सरकतो आणि उडतो, हे बोलणारीला ठाऊक आहे. ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे. दोघांच्या या सामाईक माहितीवर सगळा व्यंग्यार्थ उभा आहे. ती माहिती काढून घेतली तर हाती उरते ती एक देखणी उपमा. सहृदयता म्हणजे संस्कारित मन असे आपण म्हणतो. पण त्या संस्कारांत काठावर घालवलेल्या सकाळीही धरायला हव्यात.

मी पिंपळगाव बसवंतच्या परिसरात राहते आणि मराठी शिकवते. गाव निफाड तालुक्यातले, मुंबई-आग्रा महामार्गावरचे. बाहेरच्यांना ते टोमॅटोच्या, कांद्याच्या आणि द्राक्षांच्या व्यापारासाठी माहीत असते. साहित्याच्या लोकांनी त्याची आठवण ठेवायला आणखी एक कारण आहे. कुसुमाग्रजांचे मूळ गाव शिरवाडे येथून जवळच, आणि त्यांचे बालपण व प्राथमिक शिक्षण पिंपळगावातले. गावातून पाराशरी वाहते. पलीकडच्या शिवारातून कादवा पालखेडच्या धरणाकडून येते आणि निफाडवरून खाली जात नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीला मिळते. म्हणजे जी गोदावरी 'गाथासप्तशती'त नावानिशी पुनःपुन्हा येते, तिच्याच खोऱ्यातल्या या वाटा आहेत. गाथेतली माणसे शेतकरी, गुराखी, पारधी, शेत राखणाऱ्या पोरी. त्यांच्या बोलण्यात पक्षी येतात ते कामाच्या ओघात. कुणी मुद्दाम पक्षी बघायला निघालेले नसते.

गेली काही वर्षे कार्तिकाच्या मध्यापासून मार्गशीर्ष लागेपर्यंत मी आठवड्यातून तीनदा तरी सकाळी साडेसहाला निघते. पाराशरीच्या कडेने गावाबाहेर पडायचे, चारीच्या बांधाने शिवारात शिरायचे, आणि जमेल त्या दिवशी कादवेपर्यंत जायचे. या दिवसांना मराठीत नेमका शब्द नाही. शरद सरलेला नसतो आणि हेमंत पुरता बसलेला नसतो. इंग्रजी कवितेतला याच सुमाराचा ऋतू पानगळीचा. आपला शरद पाणी निवळण्याचा. आमच्या शिवारात तर पानगळसुद्धा माणसाच्या हुकमाने होते. ऑक्टोबरची छाटणी घेण्याआधी बागेवर फवारा मारून पाने उतरवली जातात, मग छाटणी होते, आणि जगाच्या उत्तरेकडे झाडे उघडी पडत असताना इथल्या वेलींवर पोपटी फुटी डोलू लागतात. टोमॅटोचे बांबू निघत असतात, कांद्याची रोपे लावणीला येतात, गहू-हरभऱ्यासाठी जमीन तयार होत असते. आणि एखाद्या पहाटे एकाएकी थंडी पडते. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडचे नाव असते. ती नोंद असते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली.

गळ्यात दुर्बीण अडकवून एकटी बाई बांधाने चालताना दिसली की तिला कारण विचारले जाते, आणि ते रास्तच आहे. शिवारात बिनकामाचे कुणी फिरत नाही. पहिल्या वर्षी मला पुष्कळदा प्रश्न आला, "मॅडम, पंचनाम्याला आल्या का?" अवकाळी पावसाने बागा झोडपल्या की कागद घेऊन नोंद करायला येणारी माणसे इथे ओळखीची आहेत, वही हातात धरलेल्या परक्या व्यक्तीकडून अपेक्षा तीच. "नाही हो, पक्षी बघते," असे सांगितल्यावर एक आजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग ते मोजून आम्हाला काय मिळल?" या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, पण तो प्रश्न तेव्हापासून बरोबर चालतो.

या दिवसांतला पाराशरीच्या काठावरचा पहिला मानकरी म्हणजे परीट. पांढराकरडा, चिमणीहून लांबट, शेपटी सतत वरखाली. काठच्या दगडावर, ओल्या मातीवर, कधी बाजाराच्या पत्र्यावरसुद्धा तो तुरुतुरु धावतो. त्याला धोबी असेही म्हणतात. त्याच्यात प्रकार आहेत. कवड्या धोबी बारमाही इथला. पांढरा, पिवळा आणि करडा धोबी पावसाळा सरता सरता हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतात. संस्कृत साहित्यात हाच खंजन. नायिकेच्या चंचल डोळ्यांना खंजनाची उपमा देण्याचा संकेत इतका रूढ, की शब्दाबरोबर डोळेच समोर येतात, पक्षी येत नाही. तुलसीदासांच्या किष्किंधाकांडात शरद आल्याची खूण म्हणूनही तो येतो. एकच पक्षी, दोन नावे. एका नावात कुणाच्या तरी डोळ्यांची हालचाल आहे, दुसऱ्यात घाटावर वाकून कपडे आपटणाऱ्या माणसाची. दरबारात बसलेल्या कवीला एक दिसले, नदीवर धुणे धुणाऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्याला दुसरे. दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत. फक्त निरीक्षण करणारा कुठे उभा होता ते नावात उतरले आहे.

पावशाचे उदाहरण याहून बोलके आहे. तो या दिवसांत गप्प असतो, पण ज्येष्ठात त्याने सारे शिवार भरून टाकलेले असते. त्याच्या तीन सुरांच्या चढत्या हाकेत हिंदी भाषकांनी प्रियकराची विचारणा ऐकली, 'पी कहाँ'. उकाड्याने हैराण झालेल्या इंग्रजांना तीच हाक डोक्यात ताप चढवणारी वाटली आणि त्यांनी त्याला 'ब्रेनफीव्हर बर्ड' म्हटले. मराठी शेतकऱ्याने ऐकले, 'पेरते व्हा'. पक्षी एकच, सूर तेच. विरह, आजार आणि काम, असे तीन अर्थ तीन जागांवरून ऐकू आले. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोशा'त पक्ष्यांची नावे साक्षेपाने एकत्र केली, तेव्हा त्यांनी केवळ पक्षिशास्त्राची सोय केली नाही. माणसे कुठे उभी राहून काय करत होती याची नोंदही त्यांच्या हातून झाली. ते 2025च्या जूनमध्ये गेले. त्यांची पुस्तके मराठीच्या विद्यार्थ्याने भाषेची पुस्तके म्हणूनही वाचायला हवीत.

पुन्हा बगळ्याकडे येते. आमच्या शिवारात सर्वांत जास्त दिसणारा बगळा तो गायबगळा. गुरांच्या पायांशी चालणारा म्हणून गायबगळा. चरणाऱ्या जनावराच्या खुरांनी गवतातले किडे उठतात, ते तो टिपतो. गुरे कमी झाली, तशी त्याने आपली चाकरी बदलली. नोव्हेंबरात गव्हासाठी रान तयार करताना रोटाव्हेटर फिरू लागला की पंधरावीस बगळे त्याच्या मागे लागतात. आवाजाची भीती नाही, धुराची नाही. उलटलेल्या काळ्या ढेकळांवर ते ट्रॅक्टरपासून दोन हातांवर उड्या मारत असतात. मम्मटाची साखळी इथे उलटी लावावी लागते. बगळा चंचल आहे, अर्थी इथे माणूस आहे. आणि माणूस आहे म्हणूनच तो निर्धास्त आहे. पाणी भरतानाही हेच. सरीत पाणी सोडले की पाण्याच्या तोंडापुढे किडे-अळ्या बाहेर पळतात आणि बगळे त्या तोंडाबरोबर पुढे पुढे सरकतात. बांधावरून पाणी दिसत नसले तरी बगळ्यांच्या ओळीवरून पाणी कितव्या सरीत पोचले ते सांगता येते.

हे मी वर्गात सांगत होते. त्या दिवशी मम्मटाचाच तास होता. जवळच्या खेड्यातून येणारा, एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, दिवसा बगळा नुसताच उभा असंल, तर रानात पाणी चालू नाही." मी म्हटले, बरोबर. तो पुढे म्हणाला, "पाणी चालू नाही, म्हणजे या आठवड्यात लाइट रात्रीची आहे. मग घरचं माणूस रातभर रानात होतं. आता झोपलं असंल."

शेतीच्या पंपांना थ्री-फेजची वीज पाळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत भरणे करायला निघालेल्या माणसाला डिसेंबरची थंडी असते, अंधारात साप-विंचू असतात, आणि या तालुक्यातल्या उसात बिबट्याचा वावर आहे हे सगळ्यांना माहीत आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी त्या आठवड्यात कुणी ना कुणी तसे जागलेले होते. त्या मुलाने तीन पायऱ्या मोजल्या, मम्मटाइतक्याच. त्याच्या विधानांतला क्रम निर्दोष होता, आणि दोघांची सामाईक माहिती असल्याशिवाय अर्थ पोचत नाही हेही त्यातून आपोआप सिद्ध झाले. शहरातून आलेल्या दोन मुलींना ते समजावून सांगावे लागले, इतरांना नाही. मम्मटाच्या साखळीच्या शेवटी निर्जन जागा सापडते. या साखळीच्या शेवटी एक थकलेला माणूस सापडला. गाथा मुळात ज्या लोकांच्या तोंडची, त्यांना हे दुसरे वाचन परके वाटले नसते असे मला वाटते.

पण शेत आणि पक्षी यांचे नाते असे गोडच असते असा समज कुणी करून घेऊ नये. माझ्या वाटेवर एक द्राक्षबाग आहे. बागेचे मालक सत्तरीकडे झुकलेले. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही म्हणते. पक्ष्यांची त्यांना माझ्याहून अधिक माहिती आहे, आणि ती माहिती विरोधकाची आहे. मण्यांत पाणी उतरले आणि गोडी भरू लागली की साळुंक्या, बुलबुल आणि भोरड्या बागेवर येतात. चोच मारलेला एक मणी सडतो, त्याचा रस शेजारच्या मण्यांवर उतरतो, आणि परदेशी जाणारा घड बाद होतो. तात्या बागेवर जाळी टाकतात, चकाकत्या फिती बांधतात, वेळ पडली तर फटाके लावतात. भोरड्या मध्य आशियातून येतात आणि तिकडे टोळ खाऊन शेतकऱ्याचे भले करतात, असे मी एकदा सांगितले. तात्या म्हणाले, "मग त्यांना सांगा, तिकडंच ऱ्हावा." आणि मग हसून, "आधी इकडं ज्वारी व्हायची तेव्हा गोफणीवर भागायचं. दोन कणसं खाल्ली तर खाल्ली. आता एक घड म्हणजे नोट आहे, मॅडम."

त्यांच्या बोलण्यातला 'दोन कणसं खाल्ली तर खाल्ली' हा सुस्कारा महत्त्वाचा आहे. गाथासप्तशतीतही शेत राखणाऱ्या मुली आहेत, आणि पिकावर उतरणारे पोपट आहेत. आकाशातून खाली येणारी पोपटांची रांग एका गाथेत माणिक-पाचूंच्या तुटलेल्या हारासारखी दिसते. ही गाथा सृष्टिवर्णन म्हणून शिकवली जाते. पण धान्याच्या दिवसांत पोपटांचा थवा खाली उतरताना दिसणे, याचा शेतावरचा अर्थ नुकसान हाच आहे. ज्याने तो हार पाहिला, त्याला त्या क्षणी बहुधा उठून आरोळी ठोकायची होती. तरी हार दिसला. त्या दिसण्यासाठी पिकात थोडी ढिलाई लागते, दोन कणसांची. कर्जाच्या हप्त्यावर उभ्या असलेल्या बागेत ती ढिलाई राहिलेली नाही, आणि ती नाही हा तात्यांच्या रसिकतेचा दोष नाही. पक्ष्यांविषयीची आपली हळहळ शेतीच्या हिशेबाला वळसा घालून जाऊ लागली, की ती शेतकऱ्याला परकी वाटते. आजींच्या प्रश्नाचा रोख मला हाच वाटतो.

या हिशेबाची दुसरी बाजू दाखवणारी जागाही याच तालुक्यात आहे. कादवा आणि गोदावरी यांच्या संगमाशी नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला, तो टंचाईच्या भागाला पाणी देण्यासाठी. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. पाण्याच्या साठ्याच्या दृष्टीने हा तोटा. पण त्या गाळाची बेटे झाली, उथळ डबकी झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि हजारो पाणपक्षी उतरू लागले. 1986मध्ये ते अभयारण्य झाले, आणि 2020च्या जानेवारीत रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ ठरले. नोव्हेंबर संपताना चापडगावच्या बाजूने गेले तर थापट्या, तलवार बदके, वारकरी, चमचे दिसतात. चक्रवाकही असतात, केशरी अंगाचे, जोडीजोडीने. रात्री दोन काठांवर विरहात रडणारी संस्कृतातली जोडी ती हीच. उन्हाळ्यात ती लडाख-तिबेटच्या सरोवरांकडे परतते. लोक अभयारण्याला निसर्ग म्हणतात, पण ते शेतीच्या पाण्यातून आणि त्या पाण्याच्या गाळातून निपजले. हिशेबात तोट्याच्या रकान्यात पडलेली ती जागा आहे. जिथे हिशेबाला थोडी सैल जागा मिळाली, तिथे पक्षी आले.

शिवारात अशा सैल जागा अजून शोधाव्या लागतात. चारीच्या कडेचा बाभळींचा पट्टा, जिथे खाटीक काट्याला नाकतोडा टोचून ठेवतो. पडीक कोपरा, जिथे टिटवी आरडते आणि कापशी घार हवेत एका जागी पंख मारत उभी राहते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पाणी भरपूर असते, पण त्याला काठ नसतो. परीट तिथे क्षणभर उतरतो आणि उडतो. नुकताच फवारा झालेल्या बागेत मात्र काहीच हलत नाही. ती निश्चलता बगळ्याची नाही. तिच्यातून निघणारा अर्थ कोणत्याही उल्लासात सांगितलेला नाही, आणि तो फवारणाऱ्यालाही नीट कळतो. तोंडाला फडके बांधून तो आपल्या नातवाला बागेपासून लांब ठेवत असतो.

म्हणून विद्यार्थ्यांना शिवारात नेते तेव्हा मी त्यांना पक्ष्यांची यादी करायला सांगत नाही. प्रत्येक पक्ष्यासमोर दोन गोष्टी लिहायला सांगते: तो काय करत होता, आणि त्याच्या आसपास माणसे काय करत होती. परवा एका मुलीने लिहिले, 'गायबगळे अकरा, कांद्याच्या लावणीमागे. बायका नऊ, रोजंदारीवर.' दुसऱ्याने लिहिले, 'परीट दोन, बंद मोटारीच्या पाइपवर.' या वह्यांना साहित्यकृती म्हणता येणार नाही. पण व्यंजना ज्या मातीत रुजते ती माती त्यांत आहे. तात्यांनाही या वह्यांचे कुतूहल वाटू लागले आहे. भेटले की विचारतात, "परीट आले का नदीवर? मग थंडी धरल आता. भुरीचं बघाया पायजे." माझ्या स्वतःच्या वहीत तारीख, जागा, पक्षी आणि संख्या असे चार रकाने होते. आता पाचवा आहे, वीज कोणत्या पाळीची होती त्याचा.